उघडल्याची तारीख

"पयलं माझ्या कपाळावर तारीख टाक, मग डब्यांवर," असं म्हणून आबा ऑइलच्या फळ्यांसमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले.

सोमवारची सकाळ होती. गॅरेज नुकतंच झाडून झालं होतं. माझ्या एका हातात वही, दुसऱ्या हातात कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि कानावर पेन्सिल. वाटेत आडव्या बसलेल्या म्हशीला जितकं समजावता येतं तितकंच आबांनाही येत असे, म्हणून मी आधी आवाज खाली आणला.

"आबा, साहेब शुक्रवारी येणार. सरका बघू."

"ऑइल म्हंजे काय दूध हाय नासायला?"

"नासतंय. ब्रेक ऑइलचं झाकण एकदा उघडलं की ते हवेतलं पाणी पितंय. सीलबंद असलं तर दोन-तीन वर्षं टिकतं, उघडलं की वर्षाच्या आत संपवायचं. पुस्तकात लिहिलंय."

"पानीच पितंय न्हवं? मग पिऊ दे की. आपल्या आळीतली मानसं काय काय पित्यात, त्यास्नी कोन तारीख टाकत न्हाई."

आबा म्हणजे हणमंत लोहार. कोडोलीच्या स्टँडामागं त्यांचं जीप आणि ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. चाळीस वर्षांत त्यांनी एक गोष्ट कधी केली नाही, ती म्हणजे काही फेकून देणं. मी त्यांची एकुलती मुलगी वैजयंता. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून दोन वर्षं घरात बसलेली. वर्गात साठ मुलं आणि मी एकटी मुलगी. साठातल्या सगळ्यांना नोकऱ्या लागल्या. मला मात्र प्रत्येक ठिकाणी विचारलं गेलं, "ऑफिसात बसणार ना?" मला ऑफिसात बसायचं नव्हतं. मला गाडीखाली जायचं होतं.

अशात पुण्याच्या एका गाडी कंपनीनं आमच्या भागातल्या एका गॅरेजला अधिकृत सेवा केंद्र करायचं ठरवलं. मी अर्ज केला. कंपनीच्या देवस्थळी साहेबांशी तीनदा फोनवर बोलले आणि त्यांनी पाहणीचा शुक्रवार दिला. सोबत नियमांचं चोपडं आलं, त्यात सात पानं नुसती तेलांवर होती. उघडलेल्या प्रत्येक डब्यावर उघडल्याची तारीख हवी. मुदत संपलेलं काही फळीवर नको. गाडीतून काढलेलं जळकं ऑइल झाकणाच्या पिंपात साठवून परवाना असलेल्या माणसालाच द्यायचं. अधिकृत केंद्राचा हा बोर्ड मिळाला असता तर मला कुणाच्या दारात जावं लागलं नसतं. माझं सगळं त्या शुक्रवारावर लागलं होतं आणि आबा फळ्यांसमोर हात पसरून उभे होते.

"बरं," ते शेवटी म्हणाले, "तारीख लाव, चिठ्ठी लाव, काय लावायचं त्ये लाव. पर जागा बदलायची न्हाई. जितला डबा तितंच ऱ्हायला पायजे."

"का?"

"का म्हंजे? माझी फळी हाय."

मी मोजले तेव्हा एकूण सत्तेचाळीस डबे निघाले. त्यातले अकरा वयानं माझ्यापेक्षा मोठे होते. एका कॅनमधल्या पेट्रोलला पेट्रोलचा वासच राहिला नव्हता, फर्निचरच्या पॉलिशचा येत होता. एका ब्रेक ऑइलच्या बुडाशी चहासारखा गाळ. आणि इंजिन गार ठेवणारं हिरवं कूलंट चक्क सरबताच्या बाटलीत.

"आबा, हे विष आहे! आणि चवीला गोड असतंय. कुत्र्यानं चाटलं तर मरतं."

"गोड असतंय?" आबांनी जरा जास्तच आवडीनं विचारलं.

"आबा!"

"न्हाई, आपलं इचारलं."

आबांना नऊ वर्षांपासून शुगर होती. आईनं घरातली साखर आणि गूळ कुलपात ठेवला होता आणि किल्ली मंगळसूत्राच्या शेजारी गळ्यात अडकवली होती. तरी दर तीन महिन्यांनी रक्त तपासलं की आकडा चढलेलाच. आई डॉक्टरशी भांडायची, म्हणायची तुमचं मशीनच खोटं आहे.

मागच्या अंगणात त्याहून मोठं भांडण झालं. तिथं एक बाभूळ होती, म्हणजे बाभळीचं वाळकं खोड होतं. चार गिऱ्हाइकं दाराच्या चौकटींना वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑइल मागून न्यायची. उरलेलं सगळं आबा वर्षानुवर्षं त्या बाभळीच्या बुडात ओतत होते.

"आबा, बाभूळ मेली. बाभूळ! दुष्काळात मरत नाही, शेळ्यांनी ओरबाडून मरत नाही, ती तुमच्या ऑइलनं मेली. पलीकडं विहीर आहे लोकांची."

आबा खोडाजवळ गेले, त्यावरून हात फिरवला, आणि म्हणाले, "मला वाटलं आजून हिरवी हाय." मला तो विनोद वाटला. मी हसले. आज आठवलं की स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटते.

बुधवारी आबा बोरपाडळ्याला आत्याच्या घराच्या वास्तुशांतीला गेले आणि मी पदर खोचला. जाताना चारदा बजावून गेले होते की जागा बदलू नको, पण उत्साहाच्या भरात माणसाला दुसऱ्याचं ऐकू येत नाही, आणि मी तर तेव्हा डिप्लोमावाली होते. आईला हाताशी घेऊन सगळं खाली काढलं. जुनं ते वेगळं केलं. नव्या तेलांसाठी एकसारखे पांढरे बारा कॅन आणले होते, ते भरले. प्रत्येकावर टाइप केलेली चिठ्ठी लावली आणि तारखेनुसार रांगेत मांडले. आधी उघडलेला पुढं, नंतर उघडलेला मागं. बारा पांढरे कॅन एका ओळीत असे दिसत होते की शाळेची प्रार्थनाच चालू आहे.

सगळ्यात खालच्या फळीवर, मागं भिंतीला टेकून, गिअर ऑइलचा एक पत्र्याचा डबा निघाला. झाकणावर फडकं, फडक्यावर सुतळी, आणि वर खडूनं आबांचं अक्षर. हात लावू नये.

"ह्यो कसला ओ?" आईनं विचारलं. माझ्याशी बोलताना तिच्या तोंडी असा 'ओ' आला की समजावं ती दमली आहे.

"जड आहे. आत घट्ट काहीतरी हलतंय. आबांच्या लग्नातलं ऑइल असणार." तारीख नाही म्हणजे मुदत नाही. मी तोही डबा टाकाऊच्या ढिगात ठेवला.

गुरुवारी सकाळी आबा परत आले. फळ्यांसमोर उभे राहिले. मला वाटलं आता आरडाओरडा होणार, म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. पण ते नुसते उभे राहिले. एका कॅनला हात लावला, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. कुणाच्या तरी अनोळखी घरात शिरल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"छान दिसतंय," ते म्हणाले.

आबांच्या तोंडून 'छान' हा शब्द मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात कोल्हापूरहून जळकं ऑइल नेणाऱ्याचा टेंपो आला. पिंप रिकामं झालं, जुने डबे चढले, त्यानं मला पावती दिली आणि टेंपो निघाला. आबा खालच्या फळीशी वाकून मागं भिंतीपर्यंत चाचपत होते. एकदम उठले.

"खालचा डबा कुटं हाय?"

"कोणता? तो फडक्याचा? गेला की टेंपोत."

त्यानंतर बासष्ट वर्षांचे, शुगरवाले, गुडघा दुखतो म्हणून एम-एटी चालवायची सोडलेले माझे आबा कोडोलीच्या भर बाजारातून त्या टेंपोमागं पळाले. "थांब! आरं थांब की लेका!" भाजीवाल्या बायका उभ्या राहिल्या. स्टँडावरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी मागून पळत होते आणि विचार करत होते की ज्या माणसाला भागातला साखर कारखाना बंद पडल्याची बातमी हलवू शकली नव्हती, तो एका गिअर ऑइलच्या डब्यासाठी धावतोय. टेंपो पेट्रोल पंपापाशी थांबला. आबांनी डबा छातीशी धरला, लहान मूल धरतात तसा.

"माझ्या वस्तादानं दिल्याला हाय," ते धापा टाकत म्हणाले. "आटवन हाय."

आता वस्तादाच्या आठवणीपुढं नियमांचं चोपडं काय करणार? मी हार मानली. डबा परत खालच्या फळीवर, मागं, भिंतीला टेकून गेला. मी त्यावर चिठ्ठी लावली, 'स्मरणार्थ, वापरासाठी नाही.'

दुपारी आनंदा खोत जीप घेऊन आला. वडापची, म्हणजे शिटा भरून नेणारी जीप, कोडोली ते पन्हाळा. ब्रेकचा पाय जरा खाली जातो म्हणाला. मी मागं पिंपाची जागा धुवत होते. आबांनी ब्रेक तपासले, ऑइल कमी होतं ते भरलं, हवा काढली आणि जीप गेली.

तासाभरानं मी वहीत नोंद करायला फळीपाशी गेले. माझ्या नव्या पद्धतीप्रमाणं प्रत्येक कॅनवर पातळीची पेन्सिलरेघ होती. ब्रेक ऑइल रेघेवर जसंच्या तसं. त्याच्या शेजारच्या कॅनची रेघ मात्र दोन बोटं उघडी पडली होती आणि झाकणाला लाल थेंब लागला होता. तो स्टिअरिंगच्या ऑइलचा कॅन होता.

ब्रेकमध्ये ते तेल गेलं की आतली रबरं फुगतात. लगेच काही होत नाही, हीच त्यातली मेख आहे. ब्रेक आज लागतो, उद्या लागतो, आणि परवा वाघबिळाच्या घाटात लागत नाही.

एम-एटीला लाथ मारून मी स्टँड गाठला. आनंदा ओरडत होता, "पन्हाळा, पन्हाळा! दोन शिटा!" आत अकरा माणसं बसलेली.

"खाली उतरा सगळी. गाडी जाणार नाही."

"का गं बया? आत्ताच तर आबांनी करून दिली."

"आबांनीच परत बोलावलीय," मी म्हणाले. आयुष्यात इतकं सरळ तोंडानं खोटं मी कधी बोलले नव्हते. उतरलेल्या माणसांनी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्यात एका म्हातारीनं माझ्या लग्नाचीही काळजी वाहिली.

जीप आणली. सगळं तेल काढून टाकलं, नळ्या धुतल्या, रबरं बदलली, नवं ब्रेक ऑइल भरलं. आबा तोवर बाकड्यावर बसून होते. मदतीला उठले नाहीत. आनंदा गेल्यावर मी एक पांढरा कॅन त्यांच्या हातात दिला.

"आबा, वाचा."

"ब्रेक ऑइल," आबा म्हणाले.

मी कॅन घेतला, उलटा केला, चिठ्ठीवरची अक्षरं खाली डोकं वर पाय अशी झाली, आणि तसाच परत त्यांच्या हातात दिला.

"आता हा वाचा."

आबांनी कॅन डोळ्यांसमोर धरला. जरा मान तिरकी केली. "कूलंट," ते म्हणाले.

दोन्ही वेळा तोच कॅन होता, बॅटरीच्या पाण्याचा.

मी कॅन त्यांच्या हातातून काढून घेतला. मग आबाच म्हणाले, "दीड वरीस झालं. मधोमध पुसट दिसतंय. कडंकडंनं दिसतंय, मधलं न्हाई. मानूस आल्याला कळतंय, पर तोंड न्हाई दिसत."

"माझं?"

"तुझ्या चालन्यावरनं वळखतो."

मला तेव्हा सगळं एकदम कळलं. पेपर मला वाचायला लावायचे आणि वर म्हणायचे, 'हल्ली पेपरात काय नसतंय.' गुडघ्याचं निमित्त काढून एम-एटी सोडली होती. वाळकी बाभूळ त्यांना हिरवी वाटली होती. फळीवरचा हा डबा चेपलेला, तो गंजलेला, पलीकडच्याला कडी नाही, दुसऱ्या फळीत तिसरा, पहिलीत पाचवा, अशी ती फळी त्यांचे डोळे होती. आणि मी त्यांच्या डोळ्यांजागी बारा एकसारखे पांढरे कॅन मांडून ठेवले होते. रडू आलं मला. मी ते लपवलंही नाही, लपवायचं तरी कुणापासून?

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं आसतं तर गाडीला हात लावू दिला आसतास? झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी." मग त्यांनी माझा हात धरला. "उद्याच्या दिवस गप बस. सायेब येऊन जाऊ दे. अर्जावर मुख्य मिस्त्री म्हून माझं नाव हाय. आंधळ्या मिस्त्रीला कोन बोर्ड देनार?"

मी गप्प बसायला तयार झाले. आबांसाठी झाले असं मी पुढं बरीच वर्षं सगळ्यांना सांगितलं, पण ते अर्धंच खरं आहे. मला तो बोर्ड हवा होता.

संध्याकाळपर्यंत मी त्यांच्याकडून पाठ करून घेतलं. पहिला कॅन, ब्रेक ऑइल, उघडल्याची तारीख अमुक. दुसरा कॅन, गिअर ऑइल. आबांनी परीक्षेच्या पोरासारखं घोकलं, आणि एक चुकलं की स्वतःच जीभ चावली.

शुक्रवारी अकरा वाजता देवस्थळी साहेब आले. पांढरा शर्ट, खिशाला चार पेनं. आत येताच त्यांनी माझ्या डोक्यावरून पलीकडं पाहिलं.

"वैजयंत लोहार कुठे आहेत?"

"मीच."

साहेब गोंधळले. "नाही, मी ज्यांच्याशी फोनवर बोललो ते..."

"मीच बोललो," मी म्हणाले, "मीच सांगितलं की मी बघतो, मी करून ठेवतो."

आमच्याकडं बायकासुद्धा 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, हे पुण्याला कुणी कळवलेलं नव्हतं. माझा आवाजही जरा भरडा. साहेब तीन फोन एका गड्याशी बोलत होते. त्यांनी घाम पुसला, 'अस्सं, अस्सं' म्हणाले, आणि जिकडं तिकडं पाहायला लागले.

पिंप पाहिलं. टेंपोवाल्याची पावती पाहिली. चिठ्ठ्या पाहिल्या आणि खूष झाले. मग आबांकडं वळून म्हणाले, "मिस्त्री, हा जरा वाचून दाखवा."

आबांनी कॅन उचलला. "ब्रेक ऑइल. डॉट तीन. उघडल्याची तारीख बुधवार, अकरा." एक अक्षर चुकलं नाही. ओळीतले पहिले पाच कॅन घडाघडा म्हणून दाखवले, शेवटी तर जरा चालही लावली. साहेबांनी अर्ज काढला, पेन काढलं, आणि सही करायला खाली वाकले ते वाकलेलेच राहिले.

"मिस्त्री," ते म्हणाले, "गिअर ऑइलला मुंग्या लागतात का हो?"

खालच्या फळीवरून मुंग्यांची एक रांग चालली होती. लाल, बारीक, शिस्तीत. भिंतीवरून खाली, फळीवरून आत, आणि थेट वस्तादाच्या आठवणीत.

"लागत्यात की," आबा म्हणाले. "जुनं झालं की लागत्यात."

इतक्यात आई साहेबांसाठी चहा घेऊन आली. तिनं मुंग्या पाहिल्या, डबा पाहिला, आबांचं तोंड पाहिलं. कप खाली ठेवला, सुतळी सोडली, झाकण उघडलं, बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

"काकवी!"

साहेब दचकले. आईचा आवाज स्टँडापर्यंत गेला असणार. "नऊ वर्सं मी गळ्यात किल्ली बांधून फिरतोय! नऊ वर्सं त्या डाक्टरला शिव्या घालतोय! आन् हे हितं गिअर ऑइल पीत बसल्यात!"

"गुऱ्हाळवाला पाटील देतोय," आबा पुटपुटले. "दिसाला एकच चमचा. गिअर ऑइल आन् काकवी, रंग एकच, दाटपना एकच. कुनाला संशय येत न्हाई."

साहेब हसायला लागले. चोपडं तोंडावर धरून हसत होते. "खाद्यपदार्थ ऑइलच्या फळीवर," असं बोलत त्यांनी अर्जावर लिहिलं, "त्रुटी एक. आणि मिस्त्री, याची मुदत काय?"

"काकवीला मुदत नसती सायेब. वर्सानुवर्सं टिकती."

"काकवीला नाही आबा," मी म्हणाले, "पण तुमच्या डोळ्यांना आहे."

मला थांबता आलं नाही. साहेब समोर आहेत, अर्ज समोर आहे, आदल्या दिवशी शब्द दिला आहे, सगळं कळत होतं. पण बुधवारी हा डबा मी दुसरीकडं ठेवला असता, आणि त्याच्या जागी कूलंटची बाटली ठेवली असती, तर चाचपत आलेला चमचा कशात गेला असता? ते हिरवं, गोड, आवडीनं विचारलेलं.

"डोळ्यांना काय झालं?" आईनं विचारलं. तिचा राग मधल्यामध्येच थांबला.

आबा उठले. साहेबांच्या समोर जाऊन उभे राहिले, म्हणजे साहेबांच्या जरा डावीकडं, कारण मधलं त्यांना दिसत नव्हतं.

"सायेब, वाचून न्हाई दाखवलं मी. पाठ म्हून दाखवलं. काल ह्याच हातानं खोताच्या जीपमधी ब्रेकच्या जागी लाल ऑइल वतलं. पोरीनं स्टँडावरनं गाडी माघारी आनली, म्हून अकरा मानसं आज घरात हाईत." त्यांनी अर्जाच्या दिशेनं हात केला. "तितं माझं नाव खोडा. तिचं घाला. बोर्ड दिला तर तिला द्या, न्हाई दिला तर न्हाई. पर आंधळा मिस्त्री म्हून मला लिवू नका, नुसतं नाव खोडा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. गार होत चाललेला चहा त्यांनी पिऊन टाकला. मग मला विचारलं, "चूक कशी पकडलीत?"

मी पेन्सिलरेघ दाखवली.

"आणि चूक झाली कशामुळे?"

"तीसुद्धा माझ्याचमुळं. मी जागा बदलली."

त्यांनी आबांच्या नावावर रेघ मारली आणि शेजारी काहीतरी लिहिलं. कागद कोणत्या बाजूनं धरावा तेही मला तेव्हा सुचत नव्हतं, वाचणं दूरच.

प्रमाणपत्र दोन महिन्यांनी आलं. मुख्य मिस्त्री: वैजयंत हणमंत लोहार. एक काना कमी. मी परत पाठवणार होते. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, मला बराबर दिसतंय." चोवीस वर्षं झाली, अजून तसंच भिंतीवर आहे आणि अजून माणसं येऊन मलाच विचारतात, वैजयंतराव कुठायत. शुगरनं खाल्लेल्या आबांच्या डोळ्यांवर मिरजेला लेसर झालं. गेलेलं आलं नाही, उरलेलं मात्र राहिलं. पुढं कितीतरी वर्षं ते बाकड्यावर बसून इंजिनाचा आवाज ऐकायचे, तेलाचा वास घ्यायचे, आणि मी गाडीखाली असताना वरून सांगायचे की बिघाड कुठं आहे. दहातल्या नऊ वेळा बरोबर. दहाव्या वेळी म्हणायचे की गाडीच खोटं बोलतेय.

पण मी सांगत होते त्या शुक्रवारचं.

साहेब गेले. आई डबा घेऊन घरी गेली, रस्ताभर बोलत. मी बारा कॅन खाली काढले आणि एकेकाला त्याच्या जुन्या जागी ठेवलं. दुसरीत तिसरा ब्रेक, पहिलीत पाचवा गिअर. ओळख म्हणून कॅनच्या गळ्यात तारेनं वायसरच्या लोखंडी चकत्या अडकवल्या, ब्रेकला एक, गिअरला दोन, स्टिअरिंगला तीन. आबांनी फळीवरून हात फिरवला. वायसर किणकिणले. "हां," ते म्हणाले. "आता बोलतंय." हात खालच्या फळीशी आला, मागं भिंतीपर्यंत गेला, आणि रिकाम्या जागेवर थांबला. मग त्यांनी हात मागं घेतला आणि धोतराला पुसला.

शटर ओढून आम्ही निघालो. दिवस मावळायचा होता, बाजार भरात होता. रोज आबा माझ्या चार पावलं पुढं चालायचे, ताठ मानेनं, कुणाला काही कळू नये म्हणून. त्या दिवशी गॅरेजच्या पायरीवर थांबले, हात पुढं केला आणि माझं कोपर धरलं. भाजीवाल्या बायका बघत होत्या. स्टँडावरची पोरं बघत होती. आबांनी हात सोडला नाही.

पाण्याच्या टाकीपाशी आल्यावर त्यांनी माझं कोपर जरा दाबलं.

"सावकाश. उजव्या बाजूला खड्डा हाय."

तो खड्डा ग्रामपंचायतीनं आठवड्यापूर्वीच मुरूम टाकून बुजवला होता.

"व्हय आबा," मी म्हणाले, आणि दोघांनी मिळून तो खड्डा चुकवला.